शाळेतल्या मुलांचा लठ्ठपणा मोजताय? या चुका टाळा

जळगाव-धुळ्याकडच्या शाळांत मुलांच्या लठ्ठपणावर प्रकल्प करणारे विद्यार्थी वाढत आहेत, हे चांगलंच आहे. पण त्यांच्या नोंदवह्या माझ्याकडे तपासायला येतात तेव्हा त्याच त्या चुका असतात, आणि भुर्दंड मुलांना बसतो.

सगळ्यात वाईट चूक उंचीची. वजनकाटा सगळे नीट आणतात, उंचीसाठी मात्र शिवणकामाचा टेप भिंतीला चिकटवला की झालं. पारोळा तालुक्यातल्या एका शाळेत एका तुकडीत शेजारच्या तुकडीपेक्षा लठ्ठ मुलं फारच जास्त निघाली. जाऊन पाहिलं, तर भिंत आणि फरशीच्या सांध्यावर सिमेंटची गोलाई होती. टेप तिच्या वर चिकटवलेला, म्हणजे शून्याची खूण जमिनीपासून दोन सेंटिमीटर उंच. प्रत्येक मूल तेवढं बुटकं नोंदलं गेलं. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, काढताना किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागतात, म्हणून एवढाही फरक नडतो. दहा वर्षांचा मुलगा, वजन ३८ किलो, उंची १३५ सेंटिमीटर: बीएमआय २०.९. तोच १३३ लिहिला, की २१.५. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या तक्त्यात या वयाच्या मुलाची लठ्ठपणाची रेषा २१.४ आहे. तोवर घरी चिठ्ठ्या गेल्या होत्या आणि सातवीतल्या एका मुलीनं रात्रीची भाकरी सोडली होती. मला याचा आजही राग येतो.

माझी सवय सांगते. मीटरची एक लोखंडी पट्टी सोबत असते, आधी तिनं उंचीमापक तपासायचा. काट्यावर किराणा दुकानातली शिक्क्याची वजनं ठेवून बघायची. बूट काढायचे, अंबाडा सोडायचा, टाचा भिंतीला, नजर समोर. उंची दोनदा घ्यायची. अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

वय दाखल्यावरून, महिन्यांसकट लिहा. ‘दहावं चालू आहे’ म्हणजे नऊच पूर्ण झालेली असतात. मोठ्यांची बीएमआयची २५-३० ची रेषा मुलांना लावू नका. पाच वर्षांखालच्यांचा तक्ताही वेगळा.

आहाराची चौकशी करताना दिवस बघा. आमच्या खानदेशातल्या सणांनंतर, म्हणजे कानबाईच्या रोटांनंतर किंवा आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दुसऱ्या दिवशी ‘काल काय खाल्लं?’ विचारून काय कळणार? साधे दोन दिवस आणि एक सुट्टीचा दिवस घ्या. आईला जेवण आठवतं. शाळेच्या वाटेवर घेतलेली पाच रुपयांची पाकिटं मुलालाच विचारावी लागतात.

आता घाईची चूक. लठ्ठ मुलं निवडायची, तीन महिने कवायत घ्यायची, पुन्हा मोजायचं आणि ‘उपक्रम यशस्वी’ लिहून मोकळं व्हायचं. टोकाचे आकडे निवडले की दुसऱ्या मोजणीत त्यातले काही आपोआप सरासरीकडे सरकतात, काहीही केलं नाही तरी. म्हणून उपक्रम नसलेली, तशीच दुसरी शाळा तुलनेला हवीच. मोजणीचा महिनाही तोच ठेवा: एप्रिल-मेच्या उन्हात भुसावळकडची पोरं दुपारभर घरातच असतात, जूनचा आकडा मार्चशी जुळवून उपयोग नाही. अहवालाची तारीख जवळ आली म्हणून वर्षाचं काम तीन महिन्यांत होत नाही. तेवढा वेळ नसेल तर फक्त पाहणी करा, तीही मोलाची आहे.

उपचाराच्या नावाखाली मुलांना उपाशी ठेवू नका. वाढत्या वयात बऱ्याचदा वजन स्थिर राहिलं आणि उंची वाढली, तरी बीएमआय उतरतो. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृती दलाची २०२४ ची शिफारस वर्षभरात किमान २६ तासांच्या सघन समुपदेशनाची आहे, तेही कुटुंबाला सोबत घेऊन. एका भाषणानं आणि आहारतक्त्याच्या झेरॉक्सनं हे होत नाही.

आकडा वर्गात मोठ्यानं वाचू नका. मी पडद्याआड मोजते, कागदावर लिहिते आणि पालकांना बोलावून, मूल समोर नसताना सांगते. चिठ्ठी पाठवत नाही.