पोर्ट २०४९ उघडा, पण प्रोसेसचं नाव कुठेच नाही: माझा अनुभव

उबंटू सर्व्हरवर 'सुडो एसएस -एलटीएनपी' (उघडे पोर्ट आणि ते उघडणाऱ्या प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्राम, दाखवणारी कमांड; 'सुडो' म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने) चालवलं की २०४९ पोर्ट लिसन अवस्थेत, म्हणजे जोडणीची वाट पाहताना दिसायचा, पण प्रोसेसचा रकाना रिकामा. तसंच काम करणाऱ्या नेटस्टॅटमध्ये त्या जागी नुसती आडवी रेघ. पोर्ट कोण वापरतंय ते सांगणारं 'सुडो एलएसओएफ -आय :२०४९' काहीच दाखवेना. रीबूट केलं, पोर्ट परत हजर. सर्व्हरमध्ये कुणी घुसलंय की काय, या धास्तीत दोन संध्याकाळी गेल्या.

सुडो विसरलं तरी दुसऱ्याच्या प्रोसेसचं नाव दिसत नाही, म्हणून आधी ते तपासा. सुडो लावूनही रकाना रिकामा असेल, तर सॉकेट (नेटवर्क जोडणीचं टोक) बहुधा खुद्द कर्नलचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचं असतं. ही साधनं '/प्रॉक' या प्रोसेसची माहिती देणाऱ्या फोल्डरमधल्या फाइल डिस्क्रिप्टरवरून (प्रोसेसने उघडलेल्या फाइल किंवा सॉकेटचा क्रमांक) मालक शोधतात. कर्नलच्या सॉकेटला असा डिस्क्रिप्टरच नसतो.

उलगडा नोंदलेल्या नेटवर्क सेवांची यादी देणाऱ्या 'आरपीसीइन्फो -पी' ने झाला: प्रोग्राम १००००३, पोर्ट २०४९, एनएफएस (नेटवर्कवरून फोल्डर शेअर करणारी सेवा). मग 'सुडो एक्सपोर्टएफएस -व्ही' ने कुठलं फोल्डर शेअर होतंय ते पाहिलं (ही पायरी गाळू नका, कुणाचं तरी काम अडेल). यादी रिकामी होती. शेवटी 'सुडो सिस्टमसीटीएल डिसेबल --नाऊ एनएफएस-सर्व्हर' ने ती सेवा लगेच आणि कायमची बंद केली. पुन्हा एसएस चालवलं, २०४९ गायब. रीबूटनंतरही परतला नाही.