या चुका टाळा: केमिस्ट्रीत इलेक्ट्रॉनचा हिशोब चुकला की मार्क गेलेच

अकरावी-बारावीच्या पोरांचे पेपर बघताना एक गोष्ट सारखी दिसते, नियम सगळ्यांना तोंडपाठ आहेत पण इलेक्ट्रॉन कुठनं निघाला आणि कुठं गेला हे कुणी बघतच नाही. सोलापुरात सात रस्त्यापासून अशोक चौकापर्यंत क्लासेसची काय कमी नाही, नोट्सच्या झेरॉक्स पण भरपूर फिरतात, तरी चुका दरवर्षी त्याच.

आयर्न घ्या. अणुक्रमांक २६. फोर-एस आणि थ्री-डी म्हणजे इलेक्ट्रॉन बसायच्या जागा; भरताना फोर-एस आधी, मग थ्री-डी, म्हणजे थ्री-डीत ६ आणि फोर-एसमध्ये २, इथपर्यंत सगळ्यांचं बरोबर येतं. मग फेरस आयन, म्हणजे २ इलेक्ट्रॉन गमावून भार आलेला आयर्नचा अणू, लिहा म्हटलं की शेवटी भरले तेच आधी काढायचे असं समजून थ्री-डीतले २ उडवून मोकळे होतात. तसं नाही ओ. फोर-एस बाहेरचं कवच आहे, आयन होताना तिथलेच आधी जातात. फेरसमध्ये थ्री-डी ६, फेरिकमध्ये (३ इलेक्ट्रॉन गेलेला) थ्री-डी ५, फोर-एस दोन्हीकडं रिकामा. क्रोमियमचा ५-१ (थ्री-डीत ५, फोर-एसमध्ये १) आणि कॉपरचा १०-१ हे अपवाद मात्र सरळ पाठ करून टाका, परीक्षेच्या आदल्या रात्री त्यात डोकं घालू नका.

आता बाँडिंग. "सोडियमला इलेक्ट्रॉन द्यायची हौस असते आणि क्लोरीनला घ्यायची" हे वाक्य माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान करतं. वायुरूप सोडियमचा एक इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे सुमारे ४९६ किलोजूल घालावे लागतात आणि क्लोरीननं तो घेतल्यावर परत मिळतात फक्त ३४९ च्या आसपास, म्हणजे नुसत्या देण्याघेण्यात दीडशेच्या जवळपास तोटाच आहे. मग मीठ बनतं कसं? तर आयन एकमेकांजवळ येऊन स्फटिक रचतात तेव्हा ७८७ च्या आसपास ऊर्जा सुटते, ती लॅटिस एनर्जी सगळा तोटा भरून काढते. हे एकदा कळलं की मिठात "सोडियम क्लोराइडचा रेणू" शोधायची चूकही आपोआप जाते, कारण तिथं जोड्या नसतातच, प्रत्येक सोडियमभोवती ६ क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती ६ सोडियम.

बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते असं लिहिणारे पण लई आहेत. उलटं आहे. बंध तोडायला ऊर्जा लागते, हायड्रोजनला मोलमागे ४३६ किलोजूल, आणि नवीन बंध तयार होताना ती सुटते. गॅस जळताना उष्णता मिळते ती कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यातले नवे बंध जास्त पक्के असतात म्हणून.

ऑक्सिडेशन म्हणजे ऑक्सिजन जोडला, रिडक्शन म्हणजे काढला, एवढ्यावर बारावी निघत नाही. आपल्याकडं चादरी-टॉवेलचं सूत रंगवणाऱ्या डाईंग हाऊसमध्ये इंडिगोसारखा व्हॅट रंग कसा चढवतात ते बघा. इंडिगो पाण्यात विरघळत नाही. मग कॉस्टिक सोडा आणि "हायड्रो", म्हणजे सोडियम डायथायोनाइट, टाकून तो रिड्यूस करतात, रंग पिवळट हिरवा होतो आणि विरघळून सुतात शिरतो. सूत टबातनं वर काढलं की हवा लागते आणि बघता बघता हिरवं सूत निळं होतं, रंग परत न विरघळणारा होऊन आतच अडकतो. रिडक्शनमध्ये इंडिगोचा ऑक्सिजन कुठं गेला नाही, त्याला इलेक्ट्रॉन मिळाले, रिडक्शन म्हणजे हेच. ते हायड्रोनं दिले, म्हणून हायड्रो रिड्यूसिंग एजंट आणि तो स्वतः ऑक्सिडाइज झाला. एजंट म्हटलं की पोरं इथंच गोंधळतात. हायड्रोचा डबा उघडा राहिला तर हवाच त्याला आधी ऑक्सिडाइज करते आणि मग रंग नीट बसत नाही, ही पण तीच केमिस्ट्री.

ऑक्सिडेशन नंबर, म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन जास्त ओढणाऱ्याच्या खात्यात टाकले तर अणूवर येणारा मानलेला भार, काढताना पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये क्रोमियमला १२ लिहून येणारे कायम असतात, क्रोमियम दोन आहेत, भागा की दोननं, अधिक ६ येतं. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ऑक्सिजन वजा १, कारण ऑक्सिजन-ऑक्सिजन बंधात दोघांची ओढ सारखीच, तो इलेक्ट्रॉन कुणाच्याच खात्यात जात नाही. आणि परमँगनेटमधलं मँगनीज अधिक ७ म्हणजे तिथं खरोखर सात भार असलेला आयन बसलाय असं नाही, तो नुसता हिशोब आहे.

प्रॅक्टिकलला परमँगनेटच्या टायट्रेशनमध्ये, म्हणजे ब्युरेटमधनं ते थेंब थेंब सोडून प्रमाण मोजताना, फ्लास्कमध्ये तपकिरी गढूळपणा आला तर बहुतेक वेळा ॲसिड कमी पडलेलं असतं. भरपूर ॲसिड असलं की मँगनीज ७ वरून २ वर येतं, ५ इलेक्ट्रॉन घेतं. कमी असलं की ४ वरच थांबतं, मँगनीज डायऑक्साइड बनतं, ३ च इलेक्ट्रॉन घेतं आणि रीडिंग जास्त येतं. ॲसिड सौम्य सल्फ्युरिकच घ्या. हायड्रोक्लोरिक घेतलं तर परमँगनेट क्लोराइडलाच ऑक्सिडाइज करत बसतं, नायट्रिक स्वतःच ऑक्सिडायझर आहे. ऑक्झॅलिक ॲसिड गरम करून घ्यायचं, फेरस अमोनियम सल्फेट गरम करायचं नाही, नाहीतर फेरस हवेनंच फेरिक होतं. रंग गडद असल्यानं ब्युरेटचं रीडिंग वरच्या कडेला घ्या, आणि रबरी नळीचा ब्युरेट वापरू नका, परमँगनेट रबराला पण सोडत नाही.