रेकीचं शिबिर भरवायचंय? हॉलपासून झूमपर्यंत

मी रेकी, म्हणजे अंगावर हलके हात ठेवून ऊर्जा देण्याची जपानी पद्धत, शिकवत नाही. शिकवणाऱ्या मॅडम वेगळ्या, मी शिबिर भरवते. बँकेतून निवृत्त झाल्यावर डोंबिवलीत ओळखीतल्या एका मॅडमची पहिल्या डिग्रीची, म्हणजे पहिल्या पायरीची, शिबिरं भरवायला घेतली. मग प्राणिक हीलिंगवाले, ध्यानवाले, तिबेटी बाउल वाजवणारे, सगळेच "ताई, आमचंही बघा ना" म्हणत आले. ऊर्जा वाहते की नाही हा वाद ज्याचा त्याने घालावा. हॉलचा पंखा फिरतो की नाही आणि पोस्टरवर काय छापलंय, हे माझं खातं. दोन्हींत पोस्टर जास्त जोखमीचं, म्हणून आधी तेच.

पोस्टर

शिकवणाऱ्यांकडून जो मजकूर येतो त्यात हमखास एक यादी असते: मधुमेह, बीपी, कॅन्सर, मूल न होणं, कर्ज, कोर्टकचेरी. ती अख्खी यादी खोडा. 'औषधे व जादूटोणादी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा' १९५४ सालचा आहे आणि त्याच्या परिशिष्टात मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, अपस्मार, लकवा, स्त्रियांचं वंध्यत्व हे सगळं नावानिशी दिलेलं आहे. हे बरे करण्याचा दावा जाहिरातीत करायचाच नाही. जाहिरात म्हणजे फक्त पेपरातली नव्हे. पत्रक, सूचना, तोंडी पुकारासुद्धा त्यात येतो, त्यामुळे "मी फक्त सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं होतं" ही सबब धरू नका. शिवाय आपल्या राज्यात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. चमत्काराच्या नावाखाली लोकांना फसवून पैसे उकळणं हा त्यात गुन्हा आहे.

मग लिहायचं काय? जे खरोखर होणार आहे तेवढंच. "रेकी, पहिली डिग्री. इतिहास, शक्तिपात, स्व-उपचाराचा सराव. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेपाच. हा वैद्यकीय उपचार नाही, चालू असलेली औषधं बंद करू नयेत." (शक्तिपात म्हणजे मॅडमनी एकेकाला दिलेली रेकीची दीक्षा.) पोस्टरचं शेवटचं वाक्य बाकीच्या मजकुराएवढ्याच ठळक अक्षरात. तळाशी मुंगीच्या पायाएवढं छापलं तर ते नसल्यातच जमा.

पोस्टर गेलं की फोन सुरू होतात. खरी कसोटी तिथे. एक गृहस्थ अगदी नेमाने, दर शिबिराच्या आधी, विचारायचे, "ताई, मिसेसचं इन्सुलिन बंद होईल ना हो?" माझं उत्तर ठरलेलं: "नाही होणार. डॉक्टरांनी सांगितलं तरच बदलायचं. त्यांना शांत बसून दिवसभर काही शिकायचं असेल तर जरूर आणा." अशा उत्तरामुळे काही नावं गळतात. गळू देत. ज्याला शांतपणा हवाय तो आला तर समाधानाने घरी जातो. ज्याला साखर उतरवून हवीय तो महिन्याभरात रिपोर्ट घेऊन तुमच्या दारात उभा राहतो.

"हे सिद्ध झालंय का?" असंही कुणीतरी विचारतंच, बहुधा कुणाचा तरी इंजिनिअर मुलगा. शिकवणाऱ्यांशी आधीच ठरवून ठेवा की उत्तर सरळ द्यायचं. अमेरिकेत एमिली रोझा नावाच्या मुलीने शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी एक साधा प्रयोग केला होता. पुठ्ठ्याच्या आडोशाखालून हीलरने दोन्ही हात पुढे करायचे, ती त्यातल्या एकावर आपला हात धरणार, आणि कुठल्या हातावर ऊर्जा जाणवते ते हीलरने सांगायचं. २८० वेळांपैकी जेमतेम ४४ टक्के उत्तरं बरोबर आली, म्हणजे छापा-काटा करण्यापेक्षाही कमी. १९९८ साली तो निबंध अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला. प्रयोग 'थेरप्यूटिक टच'वर, म्हणजे अंगाजवळून हात फिरवून ऊर्जा सुधारण्याच्या पद्धतीवर होता, रेकीवर नाही, पण प्रश्न तोच. ज्या मॅडम हे ऐकून चिडत नाहीत आणि "लोकांना शांत वाटतं, झोप बरी लागते असं ते सांगतात, त्यापुढे मी दावा करत नाही" एवढंच म्हणतात, त्यांचं शिबिर मी डोळे मिटून घेते.

हॉल

तारीख मुहूर्ताच्या उलट शोधा. तुळशीच्या लग्नानंतर मंगल कार्यालयं आपल्या हाताला लागत नाहीत. चातुर्मासात मात्र तेच मॅनेजर भाव कमी करून वर चहा पाजतात. पितृपक्षात सगळ्यात स्वस्त, पण "पक्षात नवीन काही नको" म्हणणारे बरेच असतात, तेव्हा पैसे वाचले तरी खुर्च्या रिकाम्या राहण्याची तयारी ठेवा. गणपतीचे दहा दिवस आणि नवरात्राच्या संध्याकाळी सोडूनच द्या. डोळे मिटून सोळा माणसं बसलीयत आणि खालून ढोल, हे कुठल्याच गुरूला झेपत नाही.

हॉल बघायला गेलात की भाडं विचारण्याआधी विचारा, "वरच्या आणि शेजारच्या हॉलला त्या दिवशी काय आहे?" मुंज असेल तर दुसरी तारीख घ्या. मग पंख्यांचे रेग्युलेटर फिरवून बघा, कारण आडवं पडलेल्या माणसाला दहा मिनिटांत गार वाटतं आणि बहुतेक कार्यालयांतले पंखे एक तर बंद नाहीतर पाचावर. पडदे आहेत का, लिफ्ट चालू आहे का, कमोड आहे का. येणाऱ्यांत पन्नाशी ओलांडलेल्या बायका जास्त असतात आणि गुडघा हा या शिबिरांतला सगळ्यात बोलका अवयव आहे.

रविवारी शिबिर असेल तर मुंबई लोकलचा मेगाब्लॉक (रुळांच्या कामासाठी गाड्या बंद) बघितल्याशिवाय वेळ पक्की करू नका. ब्लॉक साधारण दुपारच्या आगेमागे असतो, म्हणजे सकाळी येणाऱ्याला कळतही नाही आणि परत जाताना गाड्या तुंबलेल्या असतात. शनिवारी संध्याकाळी ग्रुपवर एक मेसेज टाकायचा: ब्लॉक कुठे ते कुठे, आणि हार्बरवरून येणाऱ्यांनी काय करावं.

सामान कुठल्या पद्धतीचं शिबिर आहे त्यावर ठरतं. रेकीत हात अंगावर हलके ठेवतात, म्हणून पेशंट झोपायला हवा किंवा बिनहाताच्या खुर्चीत बसायला हवा. हाताच्या प्लास्टिक खुर्च्या इथे उपयोगाच्या नाहीत, बाजूने हातच जात नाही. सतरंजीवर गादी टाकली तर झोपणारा खूश, पण रेकी देणारा वीस मिनिटं वाकून बसतो आणि दुसऱ्या दिवशी मला फोन करतो. फिजिओथेरपीवाल्यांकडे घडीचं टेबल असतं, ओळख काढून दोन मिळवा. तीन-तीनांचे गट केले की एक झोपतो, दोघं देतात. म्हणून मी नावं बारा, पंधरा अशी तिनाच्या पटीत घेते. प्राणिक हीलिंगला, म्हणजे फिलिपिन्सच्या चोआ कोक सुई यांच्या पद्धतीला, हात लावतच नाहीत, दोघांनी समोरासमोर बसलं तरी भागतं. पण तिथे 'खराब ऊर्जा' झटकायला म्हणून मिठाच्या पाण्याची भांडी लागतात. प्रत्येक जोडीला एक वाडगं, जाड मीठ एक किलो, आणि सांडणारच म्हणून एक पोछा.

उदबत्ती, धूप, कापूर: नको. दम्याचा एक माणूस प्रत्येक गटात असतो आणि तो तोंडाने सांगत नाही, खोकून सांगतो.

तो दिवस

नोंदणीच्या टेबलावर नुसती सही घेऊ नका. मराठीतला एक पानी फॉर्म ठेवा: चालू औषधं, गरोदरपण, फिट येण्याचा त्रास, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, मानसोपचार चालू आहेत का, आणि घरच्या एका माणसाचा नंबर. चष्मा विसरलेल्यांना वाचून दाखवायला एक मुलगी बसवा. फॉर्म शिकवणाऱ्यांना शिबिर सुरू होण्याआधी दाखवा, कारण जोराच्या श्वासाचे प्रकार गरोदर बाईला किंवा फिट येणाऱ्याला द्यायचे नसतात.

स्पर्शाचं सुरुवातीलाच, सगळ्यांसमोर सांगा: हात लावण्याआधी विचारायचं, छातीला आणि पोटाच्या खालच्या भागाला हात लावायचाच नाही, वर चार बोटं अंतर ठेवून धरायचा, आणि ज्याला अजिबात नको त्याने खुर्चीच्या पाठीला रुमाल बांधायचा. रुमालाची युक्ती एवढ्यासाठी की परक्या पुरुषाला "नको" म्हणायला आपल्या बायकांना जड जातं. बांधलेला रुमाल परस्पर सांगून मोकळा होतो. बायकांचा बायकांशी सराव लावता आला तर तोच लावा.

वेळापत्रकात सगळे एकाच ठिकाणी घसरतात, ते म्हणजे शक्तिपात. मॅडम एकेकाला दहा मिनिटं घेतात. पंधरा जणांचे दीडशे मिनिटं झाली, आणि उरलेले तेवढा वेळ मोबाइल काढून बसतात. म्हणून चौघा-पाचांना एकदम आत पाठवता येईल का ते आधी विचारा आणि बाहेरच्यांसाठी काम काढून ठेवा. इतिहासाचं वाचन मी त्याच वेळात ठेवते. रेकीचे जनक मिकाओ उसुई, त्यांना १९२२ मध्ये जिथे रेकी गवसली असं सांगतात तो क्योटोजवळचा कुरामा डोंगर, मग त्यांचे शिष्य हायाशी, मग हवाईच्या हवायो टकाटा, ज्यांच्यामुळे रेकी जपानबाहेर आली. जुन्या झेरॉक्समध्ये उसुई ख्रिस्ती विद्यापीठाचे प्रमुख होते असं सापडेल. नंतरच्या शोधात त्याला काहीच पुरावा मिळाला नाही. नोट्स नव्याने टाइप करा, झेरॉक्सची झेरॉक्स वाटू नका.

जेवण हलकं ठेवा. मुगाची खिचडी, कढी, काकडीची कोशिंबीर. श्रीखंड-पुरी दिलीत तर दुपारचं ध्यान घोरत होतं. कांदा-लसूण न खाणारे आणि उपासवाले फॉर्मवरच विचारून घ्या, संकष्टी-एकादशी कॅलेंडरात बघा.

दुपारच्या सत्रात कुणीतरी रडतं. शांत झोपवून डोक्यावर हात ठेवला की कधीकधी दबलेलं वर येतं, त्यात चमत्कार नाही आणि घाबरण्यासारखंही नाही. बाजूला न्यायचं, पाणी द्यायचं, जवळ बसायचं. "निगेटिव्ह एनर्जी निघतेय, निघू दे" असं म्हणणाऱ्या उत्साही साधकाला आधी बाहेर काढायचं. रडणं थांबत नसेल, जीव देण्याची भाषा असेल, तर घरच्या नंबरवर फोन करायचा आणि टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा, १४४१६ हा सरकारी नंबर द्यायचा. छातीत दुखतंय, बोलणं अडखळतंय, तर रेकी थांबवून १०८ ला फोन करून अॅम्ब्युलन्स. यात मास्टरचा, म्हणजे शिकवणाऱ्यांचा, सल्ला घेत बसायचं नाही.

ऑनलाइन

झूमची फुकटची खोली ४० मिनिटांत बंद होते, आणि ती नेमकी डोळे मिटलेले असताना होते. तेव्हा महिन्यापुरतं का होईना, पैसे भरा. भारतात संध्याकाळी ७ वाजता ठेवलं तर दुबईत साडेपाच, लंडनला उन्हाळ्यात दुपारचे अडीच, न्यू जर्सीत सकाळचे साडेनऊ. आमच्याकडे येणाऱ्या मुली-सुना तिकडच्याच असतात. सिडनीवाल्यांना तेव्हा मध्यरात्र होते, त्यांच्यासाठी वेगळी सकाळची तुकडी. अमेरिकेची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी बदलतात आणि इंग्लंडची शेवटच्या रविवारी. त्या मधल्या आठवड्यांत प्रत्येकाला त्याच्या गावची वेळ लिहून पाठवा, "आयएसटी" लिहून मोकळे होऊ नका.

दिवसभराचं शिबिर जसंच्या तसं पडद्यावर नेऊ नका. दीड-दीड तासांची चार सत्रं, दोन आठवड्यांत विभागून. जोडीचा सराव पडद्यावर होत नाही, तेव्हा स्व-उपचार शिकवा. लांबून शक्तिपात होतो की नाही यावर मास्टरांमध्येच दोन तट आहेत. तुमच्या मॅडम कुठल्या, हे नोंदणीच्या आधी लिहून टाका, नंतर "हे अर्धंच झालं" ऐकावं लागतं.

बाउल किंवा घंटा वाजवणार असाल तर झूमच्या सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू करा. एरवी झूमला तो नाद म्हणजे पंख्याची घरघर वाटते आणि तो कापून टाकतो. समोर मॅडम टोला मारतायत आणि पलीकडे शुकशुकाट. सगळ्यांचे माइक तुम्ही बंद ठेवायचे, कारण कुणाचा तरी कुकर शिट्टी देणारच. शिकवणं आणि माइक सांभाळणं ही दोन माणसांची कामं आहेत. दुसरा माणूस वेगळ्या घरात, वेगळ्या इंटरनेटवर असावा, म्हणजे इथली वीज गेली तरी खोली उघडी राहते. व्याख्यानाचं रेकॉर्डिंग द्या, सरावाचं आणि अनुभव सांगण्याचं करूच नका.

पैसे

समजा हॉल ६,०००, मॅडमचं मानधन १२,०००, छपाई-सामान २,०००. हा २०,००० चा खर्च एक माणूस आला तरी होणार. फी २,२०० आणि जेवण-चहा माणशी ३००, तर प्रत्येकामागे १,९०० उरतात. म्हणजे अकरावा माणूस आला की तुम्ही बुडीतून बाहेर. पंधराच्या शिबिरात दहा दिवस आधी अकरा नावं पैसे भरून आलेली नसतील तर तारीख पुढे ढकला. "येतो म्हणालेत" हे नाव धरू नका. परताव्याचा नियम पोस्टरवरच टाका, पावती द्या, यूपीआयला आलेले पैसे घरखर्चाच्या खात्यात मिसळू नका. वर्षाची उलाढाल २० लाखांवर जायला लागली तर जीएसटीची नोंदणी लागते, तेव्हा सीएला आधीच विचारून ठेवा.

नंतर

रेकीत एकवीस दिवस रोज स्व-उपचार करायला सांगतात. तेवढ्यापुरता व्हॉट्सअॅप ग्रुप करा, पण फक्त अॅडमिनला लिहिता येईल असा, नाहीतर तिसऱ्या दिवशी गुड मॉर्निंगची फुलं आणि आठव्या दिवशी कॅन्सरवर गुळवेल. अनुभव लोकांनी मॅडमना वैयक्तिक पाठवावेत. कुणाचाही अनुभव त्याला विचारल्याशिवाय पुढच्या पोस्टरवर टाकू नका, आणि "माझी शुगर उतरली" असा असेल तर विचारूनसुद्धा टाकू नका. बाविसाव्या दिवशी ग्रुप बंद. फॉर्म कुलपात ठेवा, त्यात लोकांच्या आजारांची नावं आहेत. मीठ उरलं असेल तर पुढच्या खेपेला चालतं.