मुलांच्या रक्तातील करोनाविषाणू : नमुना कसा घ्यावा, अहवाल कसा वाचावा

नाकाघशाच्या स्वॅबमध्ये करोनाविषाणू सापडला, तर संसर्ग झाला एवढे कळते. विषाणूचे अंश श्वसनमार्गाबाहेर पडून रक्तात उतरले आहेत का, हे त्यावरून कळत नाही. मोठ्या माणसांत रक्तामध्ये विषाणूचा आरएनए (त्याचे जनुकीय द्रव्य) सापडणे आणि आजार गंभीर होणे यांचा संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे. मुलांवरचे अभ्यास संख्येने लहान असले, तरी त्यांचा कल साधारण त्याच दिशेने आहे. तरीही ही नेहमीची तपासणी नव्हे. निदान स्वॅबवरच करावे आणि रक्ताच्या तपासणीचा विचार रुग्णालयात दाखल झालेल्या, प्रकृती खालावत असलेल्या मुलापुरता किंवा रीतसर मंजुरी मिळालेल्या संशोधनापुरता ठेवावा.

नमुना घेण्यापूर्वी मुलाचे वजन पाहावे. बाळाच्या शरीरात प्रत्येक किलोमागे सुमारे 80 मिलिलिटर रक्त असते, म्हणजे 10 किलोच्या बाळात सगळे मिळून 800 मिलिलिटरच्या आसपास. त्यामुळे या एका तपासणीसाठी वेगळी सुई टोचू नये; हिमोग्रामसाठी घेतलेल्या जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए (रक्त गोठू न देणारे रसायन) नळीतला उरलेला प्लाझ्मा, म्हणजे पेशी वगळता उरणारा रक्तद्रव, बहुधा पुरतो. हिरव्या झाकणाची हेपारिनची नळी मात्र टाळावी, कारण हेपारिन आरएनए शोधणाऱ्या पीसीआर तपासणीतील विकराला अडथळा आणते आणि खरा पॉझिटिव्ह नमुना निगेटिव्ह ठरू शकतो. घाईने ओढलेल्या, पेशी फुटून लालसर झालेल्या नमुन्यातही हाच धोका असतो. प्लाझ्मा काही तासांतच वेगळा करावा, तपासणी लगेच होणार नसेल तर उणे 80 अंश सेल्सिअसला ठेवावा आणि तो पुन्हा पुन्हा वितळवून गोठवू नये. फॉर्मवर लक्षणे सुरू झाल्याची तारीख लिहायलाच हवी, कारण रक्तातील आरएनए बहुधा आजाराच्या सुरुवातीच्या दिवसांत सापडतो आणि तारखेविना आलेल्या निगेटिव्ह अहवालाचा अर्थ लावता येत नाही.

बहुतेक किट स्वॅबसाठी प्रमाणित केलेले असतात. तेच प्लाझ्मासाठी वापरायचे असतील, तर प्रयोगशाळेने आधी स्वतः पडताळणी करावी आणि प्रत्येक नमुन्यात बाहेरून मिसळलेला कंट्रोल (तपासणी नीट चालली की नाही हे दाखवणारा ज्ञात घटक) चालवावा. तो कंट्रोल उमटला नाही, तर अहवाल ‘निगेटिव्ह’ नव्हे, ‘अनिर्णित’ म्हणून द्यावा.

अहवालातील सीटी व्हॅल्यूविषयी (पीसीआरच्या कितव्या चक्राला आरएनए उमटला तो आकडा) पालकांचा हमखास गोंधळ होतो, कारण छातीच्या सीटी स्कॅनचा स्कोअर वाढला की आजार वाढलेला असतो, तर पीसीआरची सीटी व्हॅल्यू वाढली की आरएनए कमी असतो. सुमारे 3.3 चक्रांचा फरक म्हणजे दहापटींचा फरक. रक्तात आरएनए बहुधा अगदी थोडा असल्यामुळे ही व्हॅल्यू मोठी येते. अशा काठावरच्या निकालाची त्याच नमुन्यावर पुन्हा खात्री करावी. शिवाय आरएनए सापडला म्हणजे रक्तात जिवंत विषाणू फिरतो आहे असे नव्हे, ते नष्ट झालेल्या विषाणूचे अवशेषही असू शकतात.

आजाराची तीव्रता ठरवायची ती मुलाकडे पाहूनच. ऑक्सिजनची पातळी 94 टक्क्यांखाली गेली तर आजार मध्यम आणि 90 खाली गेली तर गंभीर मानावा. श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत : दोन महिन्यांखालील बाळात 60, एक वर्षापर्यंत 50, पाच वर्षांपर्यंत 40 आणि त्यापुढे 30 किंवा अधिक श्वास म्हणजे धाप. ही चिन्हे असतील तर रक्ताचा अहवाल निगेटिव्ह आला म्हणून निश्चिंत होऊ नये, आणि मूल खेळते-खाते असेल तर केवळ पॉझिटिव्ह अहवालावरून स्टेरॉइड किंवा रेमडेसिव्हिर हे विषाणूविरोधी औषध सुरू करू नये.

एमआयएस-सी (करोनानंतर मुलांच्या अनेक अवयवांना सूज आणणारा आजार) हा वेगळा प्रश्न आहे. संसर्गानंतर साधारण दोन ते सहा आठवड्यांनी ताप, पुरळ, लाल डोळे, पोटदुखी, रक्तदाब घसरणे अशी लक्षणे दिसतात तेव्हा दोष मुख्यतः अनावर झालेल्या प्रतिकारशक्तीचा असतो, आणि स्वॅबचा पीसीआरही अनेकदा निगेटिव्ह येतो. अशा वेळी सीआरपी, फेरिटिन, डी-डायमर, ट्रोपोनिन (शरीरातील दाह, रक्ताच्या गुठळ्या आणि हृदयाची इजा दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) आणि हृदयाचा इको यांना महत्त्व असते. रक्तातील आरएनएच्या अहवालासाठी इको थांबवू नये.

पूर्वीचा संसर्ग ओळखण्यासाठी अँटीबॉडी तपासल्या जातात, पण त्यांचे वजन आता बरेच घटले आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) जून-जुलै 2021 मधील सर्वेक्षणातच 6 ते 9 वर्षांच्या 57.2 टक्के मुलांत त्या आढळल्या होत्या. पुढे लसीकरणाने गुंता आणखी वाढला : कोव्हॅक्सिनमध्ये संपूर्ण निष्क्रिय विषाणू असल्याने न्यूक्लिओकॅप्सिड या विषाणूच्या आतल्या प्रथिनाविरुद्धही अँटीबॉडी तयार होतात, तर कॉर्बेव्हॅक्समध्ये विषाणूच्या पृष्ठभागावरील स्पाइक प्रथिनाचा केवळ एक भाग असल्याने न्यूक्लिओकॅप्सिडविरुद्धच्या अँटीबॉडी तयार होत नाहीत. म्हणून मुलाने कोणती लस घेतली आहे हे विचारल्याशिवाय अँटीबॉडीच्या अहवालावर शेरा लिहू नये.