जपानी तलवार कुणी घडवली? सही वाचण्याआधी या चुका टाळा

जुनी जपानी तलवार हाती आली की बहुतेकांचा हात आधी मुठीकडे जातो. मुठीतली बांबूची खुंटी, म्हणजे मेकुगी, काढायची, मूठ उतरवायची, आतल्या शेपटावर कोरलेल्या अक्षरांचा फोटो काढायचा आणि नेटवर शोधायचं. तासाभरात ‘मासामुने’ नाहीतर ‘कोतेत्सु’ असं कुणा गाजलेल्या लोहाराचं नाव सापडतं आणि घरात आनंदीआनंद होतो. पण जपानमध्ये खोट्या सह्यांचा धंदा कित्येक शतकं जोरात चाललेला आहे. सही हा फक्त एक दावा असतो आणि तो खरा की खोटा हे उरलेलं पातं सांगतं. म्हणून आधी घडण बघायची, मग पोलाद, मग धारेचं पाणी, आणि सही सगळ्यांत शेवटी. माझ्या मते या विषयातल्या निम्म्याहून जास्त चुका हा क्रम उलटा धरल्यामुळे होतात.

गाजलेलं नाव दिसलं की हुरळून जाणं

नागासोने कोतेत्सु मूळचा चिलखतं घडवणारा, एचिझेन प्रांतातला. पुढे एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, येऊन १७व्या शतकात त्याने तलवारी घडवल्या आणि नाव काढलं. त्याच्या नावाच्या इतक्या नकला झाल्या की ‘कोतेत्सु दिसला की खोटा समज’ अशी जपानी शौकिनांत म्हणच आहे. शिनसेनगुमी या एकोणिसाव्या शतकातल्या तलवारबाज पथकाचा सरदार कोंदो इसामी आपली तलवार कोतेत्सुची आहे असं मिरवायचा. ती खरं तर कियोमारो या दुसऱ्याच लोहाराची होती आणि वर सही खोटी घातलेली होती, असा किस्सा सांगतात. किस्सा खरा असो वा नसो, तो लोकांना पटतो यातच सगळं आलं. कोतेत्सुच्या सहीतलं ‘वाघ’ हे अक्षर सुरुवातीच्या काळात एका वळणाचं आहे आणि नंतरच्या काळात चौकोनी, पेटीसारखं. एका काळाचं वळण आणि दुसऱ्या काळाची घडण एकाच पात्यावर दिसली की समजायचं, नक्कल करणारा घसरला.

मासामुनेचं उलटं आहे. सागामी प्रांतातल्या या लोहाराने चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला जे काम केलं, त्यातल्या फारच थोड्या पात्यांवर सही आहे. त्यामुळे ठसठशीत ‘मासामुने’ कोरलेलं असलं तर उलट जास्त सावध व्हायला हवं.

मुरामासा या लोहाराच्या सहीला राजकारणाचा फटका बसला. त्याच्या तलवारी तोकुगावा या जपानच्या सत्ताधारी घराण्याला अपशकुनी मानल्या जात, म्हणून काही मालकांनी सहीतली अक्षरं खरवडली किंवा बदलली. पुढे तोकुगावांविरुद्ध वारं वाहू लागलं तेव्हा त्याच नावाला मागणी आली, आणि खोट्या मुरामासाही बाजारात आल्या. म्हणजे या एका नावात खोडलेल्या खऱ्या सह्याही सापडतात आणि कोरलेल्या खोट्याही.

बिझेन प्रांतातल्या ओसाफुने गावचं ‘सुकेसादा’ हे नाव तर लोहाराचं कमी आणि पेढीचं जास्त. सोळाव्या शतकात, लढायांच्या धामधुमीत, या नावाने सही करणारे कितीतरी लोहार होते. ‘बिशू ओसाफुने सुकेसादा’ (बिशू म्हणजे बिझेनच, आखूड करून) अशी त्रोटक सही सहसा घाऊक मालावर असते. मागणीवरून घडवलेल्या पात्यावर प्रांताचं पूर्ण नाव आणि लोहाराचं खाजगी नाव येतं, जसं योसोझाएमोन-नो-जो सुकेसादा. दोन्ही सह्या खऱ्या असू शकतात, पण पात्यांच्या दर्जात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

शेपटावरचा गंज घासणं

ही चूक दुरुस्त होत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मुठीत जाणाऱ्या शेपटाला नाकागो म्हणतात. ते कधी पॉलिश करत नाहीत. त्यावरचा गंज वर्षानुवर्षं मुरत जातो, काळपट तपकिरी आणि गुळगुळीत होतो, आणि जाणकार त्याच्या रंगावरून वयाचा अंदाज बांधतात. खऱ्या जुन्या सहीत छिन्नीच्या खाचेतला गंज आणि बाजूचा गंज एकसारखा असतो. जुन्या नाकागोवर नंतर कोरलेली सही खाचेत वेगळी, ताजी दिसते. सही नीट वाचता यावी म्हणून तारेचा ब्रश, लिंबू किंवा गंज काढणारं रसायन वापरलं की हा सगळा पुरावा पुसला जातो आणि किंमतही कोसळते.

अक्षरं वाचायची असतील तर खोली अंधारी करून एकच दिवा बाजूने, तिरपा धरा. फोटोही तसाच काढा. पूर्ण नाकागो दिसू दे, नुसती अक्षरं नकोत. कानसीच्या रेघा सरळ आहेत की तिरक्या, खुंटीची भोकं किती, शेपटाचं टोक कसं, सही भोकापासून किती दूर, हे सगळं घराण्यागणिक बदलतं. पात्याला बोट लावू नका, त्याच्यावर तोंड नेऊन बोलू नका. ब्रासो आणि पॉलिश पेपर तर त्या खोलीतही आणू नका.

सही कुठल्या बाजूला आहे तेही बघायचं. ताची ही जुन्या धाटणीची तलवार धार खाली करून कमरेला लटकवत, कटाना ही नंतरची तलवार धार वर करून पट्ट्यात खोचत. सही सहसा अंगापासून बाहेरच्या बाजूला असते, त्यामुळे दोन्हींत ती विरुद्ध बाजूंना येते. पण लगेच निकाल देऊ नका. हिझेन प्रांतातला लोहार तादायोशी आणि त्याची परंपरा कटानांवरही ताचीच्या बाजूला सही करत असे. अशा ठिकाणी नियम पाठ करून येणारे हमखास फसतात.

मागच्या बाजूला तारीख असेल तर हिशेब करून बघा. एइरोकु हे पर्व १५५८ ते १५७० चाललं, म्हणजे तेरा वर्षं. ‘एइरोकु पंधरावं वर्ष’ असं कुणी कोरलं असेल तर कोरणाऱ्याने पंचांग बघितलं नव्हतं. महिना मात्र दुसरा किंवा आठवाच दिसला तर दचकू नका, ती रूढीच होती.

मापलेली लांबी मूळचीच धरणं

तेराव्या-चौदाव्या शतकातल्या लांब ताची पुढे पायदळाच्या लढाईसाठी शेपटाकडून कापून आखूड केल्या. कापताना बहुतेक वेळा सहीही गेली. म्हणून खुंटीची एकाहून जास्त भोकं दिसली आणि शेपटाचं टोक सपाट कापलेलं असलं, तर बाक आणि लांबी मूळ स्वरूपात कल्पून बघावी लागते. मुठीजवळ जास्त बाक असलेलं पातं कामाकुरा काळाकडे (सुमारे ११८५ ते १३३३) बोट दाखवतं. रुंद पातं आणि लांबलचक टोक चौदाव्या शतकाच्या मध्याचं. जवळपास सरळ, टोकाकडे निमुळतं होत गेलेलं पातं १६६०-७० च्या कानबुन काळातलं असण्याचा संभव मोठा. अर्थात एकोणिसाव्या शतकातल्या लोहारांनी जुन्या घडणी मुद्दाम उचलल्या, त्यामुळे घडणीवरून फक्त यादी आखूड होते.

पांढरा पट्टा म्हणजे हामोन समजणं

तापलेलं पातं पाण्यात बुडवण्याआधी त्याला मातीचा लेप देतात, धारेकडे पातळ आणि पाठीकडे जाड. धार झपकन थंड होऊन कडक होते, पाठ लवचिक राहते, आणि दोन्हींच्या सीमेवर जी रेघ उमटते तो हामोन. घराणं ओळखायला याच्याइतकं बोलकं दुसरं काही नाही. पण आजच्या पॉलिशमध्ये धारेलगतचा भाग दगडाच्या बारीक चकत्यांनी पांढरा करतात. नवखे लोक त्या पांढऱ्या पट्ट्याची कड रेखाटतात आणि तेच वळण पुस्तकात शोधत बसतात. ती पॉलिश करणाऱ्याची रेघ, लोहाराची नव्हे.

खरा हामोन बघायचा तर उघडा बल्ब समोर ठेवा, पातं त्याच्या दिशेने धरा आणि उजेडाचा ठिपका परावर्तित होतो त्याच्या अगदी कडेला नजर ठेवा. तिथे सीमारेषा धुक्यासारखी दिसली तर निओई, सुटे चमकते कण दिसले तर निए. बिझेनचं जुनं काम निओईकडे झुकतं, सागामीचं निएकडे. आम्लाने किंवा घासून काढलेली नकली रेघ अशा उजेडात सपाट आणि निर्जीव दिसते.

नक्षीचं नाव ओळखलं म्हणजे लोहार ओळखला, असंही नाही. मिनो प्रांतातल्या मागोरोकु कानेमोतोचा हामोन देवदाराच्या तीन-तीन शेंड्यांच्या रांगेसाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या स्वतःच्या कामात हे शेंडे कमीजास्त, बेशिस्त असतात. पुढच्या पिढ्यांनी ते साच्यातून काढल्यासारखे एकसारखे केले. म्हणजे नक्षी पुस्तकातल्या चित्राशी तंतोतंत जुळते म्हणून आनंद व्हावा, तर नेमकं तिथेच शंका घ्यायला हवी.

‘बर्मातून आणलेली सामुराई तलवार’

१९४५ मध्ये आग्नेय आशियात जपानी अधिकाऱ्यांनी आपल्या तलवारी दोस्त फौजांकडे सोपवल्या. बर्माच्या आघाडीवर मराठा पलटणीही होत्या, त्यामुळे अशी एखादी तलवार आपल्याकडच्या फौजी घरातही असू शकते. तिच्याबद्दल सरसकट बोलू नये. धातूची ओतीव मूठ, तिच्यावर गुंडाळीसारखा दिसणारा रंग आणि पात्यावर आकडे असले तर ती हवालदार दर्जाच्या शिपायांसाठी कारखान्यात बनलेली, १९३५ च्या नमुन्याची. तिच्यात लोहार शोधण्यात अर्थ नाही. अधिकाऱ्यांच्या तलवारीच्या नाकागोवर ‘शोवा’ किंवा ‘सेकी’ असा छोटा शिक्का असेल तर पातं पारंपरिक पद्धतीचं नाही, मग सही कितीही सुंदर असो. ताऱ्याचा शिक्का मात्र सैन्याने मान्य केलेल्या लोहारांच्या पारंपरिक कामावर दिसतो. आणि क्वचित लष्करी म्यानात घराण्यातलं शेकडो वर्षं जुनं पातंही निघतं, म्हणून मूठ-म्यान बघून निकाल द्यायचा नाही.

कागद आहे म्हणजे झालं, असं मानणं

कागद म्हणजे परीक्षकांनी दिलेलं प्रमाणपत्र. सगळ्यांत जास्त मानले जाणारे कागद टोकियोच्या एनबीटीएचके या जपानी तलवारींचं जतन करणाऱ्या संस्थेचे. ती १९४८ मध्ये स्थापन झाली. आजची होझोन (‘जतन करण्याजोगी’) या पायरीपासून सुरू होणारी श्रेणी १९८२ पासूनची. त्याआधीचे जुने कागद, विशेषतः मोठ्या नावांचे, बाजारात आता पूर्ण भरवशाचे धरत नाहीत, त्यामुळे कागदाचं वर्ष आधी बघा. मग त्यावरचा फोटो किंवा ठसा नाकागोशी भोकासकट ताडून बघा. कागद खरा पण पातं दुसरंच, असं होऊ शकतं. सही नसलेल्या पात्याच्या कागदावर नावाआधी ‘देन’ असं लिहिलेलं असेल, तर काम त्या हाताच्या परंपरेत बसतं पण काही लक्षणं हटके आहेत, इतकाच त्याचा अर्थ. विक्रेता ते अक्षर वाचून दाखवत नाही, ते आपणच शोधायचं.

सही खोटी ठरली तर संस्था कागद देत नाही. मग बरेच मालक सही घासून काढतात आणि पातं बिनसहीचं म्हणून पुन्हा पाठवतात. हे करायला हरकत नाही, पण घाई नको. एकदा घासलेली सही परत येत नाही, आणि एखाद्या दुय्यम नावाच्या सहीबद्दल दुसऱ्या परीक्षकांचं मत वेगळं पडू शकतं.