नोटीस लावण्याआधी शब्द तपासा: न लिहिलेला अर्थ कसा शोधावा

‘भाडेकरूंनी निदान यापुढे तरी जिन्यात चपला ठेवू नयेत.’

मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीच्या फलकावर शोभेल अशी ओळ. शिवी नाही, आरोप नाही, सगळे शब्द कोशात सापडतील असे. तरी ती वाचून दोन-चार घरांत तोंडं वाकडी होणारच. का, ते शोधायला साधारण पंधरा मिनिटं, एक कागद आणि तीन माणसं लागतात.

आधी दोन गोष्टींतला फरक पक्का करा. फलाटावर कोणी विचारतं, ‘चर्चगेट आहे का?’ इथे शब्दशः अर्थ लागतच नाही, कारण गाडी म्हणजे काही स्टेशन नव्हे. तो अर्थ सोडून आपण ‘चर्चगेटला जाणारी गाडी’ असं समजतो. ही लक्षणा. डब्यात मागून आवाज येतो, ‘दादरला उतरणार?’ इथे शब्दशः अर्थ बरोबर लागतो, प्रश्न खराच आहे. पण त्याच्याबरोबर ‘नसाल उतरणार तर बाजूला व्हा’ हेही कळतं. ही व्यंजना. काश्मीरच्या आनंदवर्धनाने नवव्या शतकात काव्याचा सगळा विचार याच सूचित अर्थावर उभा केला. आपल्याला फलकापुरतं एवढं पुरे: त्रास लक्षणेचा नसतो, व्यंजनेचा असतो. ‘मी फक्त विचारलं’ असं म्हणून बोलणारा नामानिराळा होतो आणि ऐकणाऱ्याला मात्र टोचायचं ते टोचतंच.

शेजारी बदलून पाहा. शंका असलेला शब्द पाच वेगवेगळ्या नामांपुढे लावा. ‘गावठी’ घ्या. गावठी अंडी, गावठी कोंबडी म्हटलं की भाव चढतो. गावठी माणूस म्हटलं की भांडण. आणि पुढे काहीच न लावता नुसतं ‘गावठी’ म्हटलं तर दारू. शब्दाचा रंग कुठल्या शेजाऱ्यापाशी उलटतो ते कागदावर खूण करून ठेवा. दोनच नामं घेतलीत तर निष्कर्ष फसवा निघतो.

जागी दुसरा शब्द बसवा. खर्च कमी करणारा माणूस: काटकसरी, हिशेबी, चिकट, कंजूस. कृती एकच, मत चार. फलकावरच्या ‘भाडेकरूंनी’च्या जागी ‘रहिवाशांनी’ घालून वाचा. वाक्य तेवढंच राहतं, पण आरोप नाहीसा होतो. म्हणजे तो चपलांमध्ये नव्हता, एका गटाला वेगळं काढण्यात होता. घरमालकांच्या चपला जिन्यात चालतात, असंही त्यातून निघतं. ते लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा नसतं.

अव्ययं काढून वाचा. मराठीत सर्वांत जास्त डंख इथे असतो आणि सर्वांत कमी लक्षही इथेच जातं. ‘कचरावाला आज वेळेवर आला’ ही साधी बातमी. ‘आज तरी वेळेवर आला’: एरवी येत नाही. ‘आजही वेळेवर आला’: रोज येतो. ‘आजच वेळेवर आला’: बाकी दिवसांचं विचारू नका. ‘वेळेवर आला म्हणे’: मी जबाबदारी घेत नाही. एका-दोन अक्षरांत एवढा फरक. फलकावरच्या ओळीतून ‘निदान’ आणि ‘तरी’ काढा. ‘निदान’मुळे तुमच्याकडून फारशी अपेक्षा नाही असं ऐकू येतं, ‘तरी’मुळे आमचा संयम संपला असं.

‘पण तसं नाही’ जोडून पाहा. सूचित अर्थ वाक्य न मोडता मागे घेता येतो, हे पॉल ग्राइस या तत्त्वज्ञाने १९७५ साली छापून आलेल्या निबंधात मांडलं. ‘बघू’ म्हणजे मुंबईत बहुतेक वेळा नाहीच. पण ‘बघू, म्हणजे नाही असं नाही, उद्या सांगतो’ हे चालतं. उलट ‘पुन्हा चपला ठेवू नका, पण तुम्ही आधी कधी ठेवल्या नव्हत्या’ हे चालत नाही. ‘पुन्हा’मधलं गृहीत शब्दातच मुरलेलं असतं. नंतर कितीही खुलासा केला तरी ते निघत नाही, शब्दच बदलावा लागतो. ‘यापुढे’ जवळजवळ तसाच.

माणसासमोर म्हणता येतं का? ‘भय्या, अर्धा किलो द्या’ हे समोर म्हटलं जातं. ‘ते भय्ये लोक’ हे त्यांची पाठ वळल्यावर. हाक मारताना चालणारा शब्द तिऱ्हाइताविषयी बोलताना नाव ठेवणारा होत असेल, तर लिखाणात तो नकोच.

या चाचण्यांना न जुमानणारे काही शब्द आहेत. दुकान बंद न करता वाढवतात, नारळ फोडत नाहीत तर वाढवतात, बांगडी वाढते, निघताना ‘येतो’ म्हणतात. ते पाठच करायचे.

चुका होतात त्या मुख्यतः पडताळताना. लिहिणारा स्वतःच वाचतो आणि स्वतःच्या मनातला सूर त्यात ऐकतो. कागदावर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर तो सूर नसतोच. म्हणून तीन जणांना दाखवा: एक साठीपुढचा, एक विशीतला, एक मुंबईबाहेर वाढलेला. ‘यात काही वाईट आहे का?’ असं विचारू नका, सगळे ‘नाही हो’ म्हणतील. ‘हे कोणाविषयी लिहिलंय?’ असं विचारा. तिघांपैकी दोघांनी एकाच घराकडे बोट दाखवलं, तर ओळ बदला. शब्द जिथे लागणार तिथला विचारही करा. ‘चहापाणी’ घरी पाहुणचार असतो, कार्यालयाच्या खिडकीपाशी लाच.

आता तीच ओळ: ‘जिन्यात चपला-बूट ठेवू नयेत. आग लागल्यास वाट मोकळी हवी.’ कारण लिहिलं की वाचणारा स्वतःचं कारण शोधत बसत नाही. आणि चपला खरोखरच एकाच घराच्या असतील, तर फलक नको, त्या दाराची बेल वाजवा.