जुन्या घराचा इतिहास काढायचा तर आधी खण मोजा

देशावरच्या गावात घराचा इतिहास काढायला निघालेला माणूस पहिल्यांदा सातबारा मागतो आणि तिथेच अडतो. गावठाणातल्या घराला सहसा सातबारा नसतो. (कोकणात घर वाडीतल्या जमिनीवरच उभं असल्याने तिथे बहुधा सातबाऱ्यावर माग लागतो.) शिवाय जुन्या खरेदीखतात घर ओळखायचं ते वर्णनावरून: "सात खणी घर, पुढे दोन खण ओसरी, मागे परसू" आणि खाली चतुःसीमा. घरात खण किती हेच माहीत नसेल तर हातात आलेला कागद आपल्याच घराचा की शेजाऱ्याचा, हे कसं ठरवणार? म्हणून दप्तराआधी टेप घ्या.

खण म्हणजे दोन खांबांमधला गाळा, साधारण पाच-सहा फुटांचा. आलेख कागदावर 1:50 प्रमाणात, म्हणजे दोन सेंटिमीटरला एक मीटर धरून, तळमजला आणि माडी वेगवेगळी काढा. प्रत्येक खोलीचे कर्णही मोजा. जुन्या खोल्या काटकोनात नसतात आणि नुसत्या चार बाजू घेतल्या तर नकाशा शेवटी जुळत नाही. प्रत्येक दाराशी भिंतीची जाडी लिहा. दगडमातीची मूळ भिंत दोन-तीन फूट भरते, मागून घातलेली विटांची आडभिंत नऊ इंच. चौकातून किंवा माजघरातून अशी बारीक भिंत गेली असेल, तिच्या पलीकडे दुसरी चूल असेल आणि परसाकडे नवं दार फोडलेलं असेल, तर तिथे वाटणी झालेली आहे असं धरून चाला आणि वाटणीपत्र शोधा. ज्या कोनाड्याला खाली उंबरा आणि वर पूर्ण रुंदीचं लाकूड दिसतं, तो कोनाडा नसून बुजवलेलं दार असतं.

आता वय. साहित्यावरून मिळतं ते "याच्या आधीचं नाही" एवढंच, पण ते पक्कं असतं. मंगळुरी कौल उलटं करून पाहा, कारखान्याचं नाव आणि गाव छापलेलं असतं. बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना 1865 मध्ये काढला, त्यामुळे अशी कौलं त्याआधीची असूच शकत नाहीत. कौलं मात्र दर काही पावसाळ्यांनी बदलली जातात, म्हणून एकावर विसंबू नका. छपराच्या वेगवेगळ्या पाख्यांवरची (उतारांवरची) दहा-बारा पाहा. तुळईच्या जागी लोखंडी गर्डर असेल आणि त्यावर टाटांचा ठसा असेल तर तो 1912 नंतरचा, कारण जमशेदपूरला पोलाद तेव्हा निघू लागलं. सिमेंटचा गिलावा विसाव्या शतकातला. चुन्याच्या घाण्यात मळलेला चुना किंवा पांढऱ्या मातीचा लेप त्याहून जुना असू शकतो. असू शकतो, असतोच असं नाही, कारण खेड्यात पांढरी माती अगदी परवापर्यंत वापरात होती.

सगळ्यात जास्त फसवतं ते लाकूड. खांबाला किंवा तुळईला रिकामी भोकं, अर्धवट कुसू (भोकात बसवायची लाकडाची जीभ) किंवा कशालाच न जुळणाऱ्या खाचा दिसल्या तर ते दुसऱ्या पडक्या वाड्यातून आणलेलं आहे. सागाची तुळई कोणी जाळत नसे, विकत असे. नक्षीदार सरूचे (सरूच्या झाडासारख्या घाटाचे) खांब पाहून घर पेशवाईतलं ठरवण्याआधी ते आपल्या तळखड्यावर, म्हणजे खालच्या दगडी बैठकीवर, नीट बसले आहेत का, ते तपासा. दारावर कोरलेला शकही जीर्णोद्धाराचा असू शकतो.

कागद मात्र आजपासून मागे वाचत जायचे. ग्रामपंचायतीत नमुना 8, म्हणजे कर आकारणीची नोंदवही, मागा आणि मिळतील तितक्या जुन्या आकारण्यांच्या नकला घ्या. बांधकामाचा प्रकार, लांबी-रुंदी आणि नाव त्यात सापडतं. बांधकामाच्या वर्षाचा रकाना बहुतेक वेळा अंदाजाने भरलेला असतो, तो सोडून द्या. आणि ही नोंद कर कोण भरतो ते सांगते, मालकी सिद्ध करत नाही.

गावठाणाची मोजणी झाली असेल (पूर्वीचं नगर भूमापन किंवा 2020 पासूनची स्वामित्व योजना) तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मिळकत पत्रिका मिळते. जुनी मोजणी असल्यास नुसत्या पत्रिकेवर थांबू नका, चौकशी नोंदवहीचा उतारा मागा. मोजणीच्या वेळी हक्क कोणी सांगितला आणि कशाच्या आधारावर, हे तिथेच कळतं. नावापुढे "ए.कु.मॅ." असेल तर तो माणूस एकत्र कुटुंबाचा मॅनेजर होता, एकटा मालक नव्हे. भावकीतली निम्मी भांडणं ही तीन अक्षरं न वाचल्यामुळे होतात.

खरेदीखतांसाठी दुय्यम निबंधकाकडे शोधाचा अर्ज करा. सूची 2 मध्ये गाववार, वर्षवार मिळकती असतात. एकाच घराची विक्री आणि थोड्या वर्षांनी त्याच माणसाला परत विक्री दिसली, तर ती मुदतखरेदी, म्हणजे खरं पाहता कर्ज, असण्याचा संभव मोठा. तोंडी वाटणी इथे सापडणार नाही. तिचा पुरावा वर सांगितलेली नऊ इंची भिंतच.

दोन मालकांमधली कडी जुळेना, तर मृत्यूची तारीख शोधा. तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदींचं कोतवाल बुक, असतं. 2023 मध्ये कुणबी नोंदींच्या शोधात ही दप्तरं पुष्कळ ठिकाणी बाहेर निघाली, त्यामुळे आता ती मागणं पूर्वीइतकं अवघड नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गाव आणि आडनावावरून पिढ्यांची नावं मिळतात, सह्यांसकट.

यातले जुने कागद मोडीत असतात. मोडी वाचणाऱ्याला देण्याआधी पानाचे फोटो कडेकडेने, शिक्क्यांसह आणि मागच्या बाजूचेही काढा. शेरे बहुधा मागे असतात. सनावळी स्वतः तपासा. शकात 78 मिळवा, जानेवारी ते फाल्गुनअखेर 79. फसली या महसुली सनात 590, जानेवारीपासून 591. मराठेशाहीच्या कागदांतला सुहूर सन अरबी शब्दांत लिहितात आणि एकंपासून मोजतात: "इहिदे सितैन मया व अलफ" म्हणजे 1, 60, 100, 1000, एकूण 1161. त्यात 599 मिळवले की 1760; वर्ष मृगापासून, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, सुरू होतं, म्हणून जानेवारी 1761 चं पानिपतही याच सनात येतं. हा हिशेब चुकला की आजोबा आणि नातवाची अदलाबदल होते.

शेवटी एका लांब कागदावर डावीकडे वर्ष, मधे कागदातले खण आणि चतुःसीमा, उजवीकडे घरात दिसणारा बदल असे तीन रकाने करा. खतात "पश्चिमेस बोळ" असेल आणि आज तिथे शेजाऱ्याची भिंत असेल, तर शेजाऱ्याच्या घराचीही सूची 2 काढा. बोळ गेला कुठे, हे तुमच्या कागदात नाही, त्याच्या कागदात असेल.